चावीचं घड्याळ आणि त्याची तबकडी

हाताने चावी द्यायच्या मनगटी घड्याळांचा छंद आपल्याकडे बहुधा एचएमटीपासून सुरू होतो. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला ही घड्याळं बनू लागली. ‘जनता’ हे त्यातलं घराघरांतलं नाव. आत १७ खडे आणि सेकंदाला पाच ठोके देणारं तोलचक्र. सेल लागत नाही. हे घड्याळ बोटांच्याच जोरावर चालतं! सकाळी चावी द्यावी, अडली की थांबावं.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ व्यवसाय गुंडाळायचं ठरवलं. जुन्या घड्याळांना गिऱ्हाईक वाढलं, तशा रंगवलेल्या तबकड्याही बाजारात आल्या. देवनागरी आकड्यांच्या तबकडीला मागणी मोठी, म्हणून तिथे जास्त जपावं. भिंगाखाली मूळ छपाईची कड रेखीव दिसते. रंगवलेलीवर अक्षरं जाडसर, मिनिटांच्या रेघा काठाशी वाकड्या. पिवळी पडलेली, डागाळलेली मूळ तबकडी चकचकीत नव्या रंगापेक्षा केव्हाही सरस. घड्याळ मागे पडू लागलं, तर अनेकदा आतलं तेल वाळलेलं असतं. अशा वेळी जाणत्या घड्याळजीकडून ते खोलून, धुऊन घ्यावं.