दगडफुलावरचे ठिपके

आज गोड्या मसाल्याबद्दल बोलणार आहे, पण कृती नाही सांगणार. ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते.

पावसाळ्यात आमचा गट दगडफूल निवडायला बसला होता. एका ताईंनी दोन तुकडे बाजूला काढले. एकावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके, दुसऱ्यावर पांढरी लव. त्या म्हणाल्या, "बुरशी लागलीय, पिशवी फेका." दुसऱ्या म्हणाल्या, "भाजल्यावर काय राहतंय?" दोन किलोची पिशवी, पैसे गटाचे. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला कुठं माहीत होतं? दोन दिवस वाचलं, मग बोलले.

दगडफूल हे फूल नाहीच. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार आहे. बुरशी घर बांधते, ओलावा धरते. शेवाळ उन्हावर अन्न शिजवतं. स्वित्झर्लंडच्या सिमोन श्वेंडेनर यांनी १८६०च्या दशकात हे मांडलं, तेव्हा भल्याभल्यांना पटलं नव्हतं. हा संसार वाढतोही सावकाश, वर्षाला काही मिलिमीटर.

आणि या घरात पोटभाडेकरूही असतात! दगडफुलाच्या जातकुळीवरच जगणाऱ्या वेगळ्या बारीक बुरश्या आहेत, जगभरात दोन हजारांच्या आसपास जाती. काही नुसतं थोडं अन्न घेतात, काही यजमानालाच मारतात. कुणी काळ्या ठिपक्यांसारखी दिसते, कुणी चक्क गुलाबी. पण काळे ठिपके दगडफुलाचे स्वतःचेही असतात. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो.

पांढऱ्या लवेची गोष्ट वेगळी. ती झाडावरून आलेली नाही, आपल्या घरात दमट हवेत धरलेली आहे. बोटाला लागते, कुबट वास येतो. ठिपके तसे बोटाला लागत नाहीत. साठवणीतल्या काही बुरश्या विष तयार करतात, अफ्लाटॉक्सिन म्हणतात त्याला. भाजल्यानं बुरशी मरते, पण ते विष पूर्ण जात नाही. म्हणजे "भाजल्यावर काय राहतंय" याचं उत्तर, विष राहतंय. लव झटकून, ऊन दाखवूनही ते निघत नाही.

पिशवी फेकली. चूक माझीच होती. स्वस्त मिळालं म्हणून भर पावसात घेतलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत फरशीवर ठेवलं. बैठकीत तसं सांगितलं, निम्मे पैसे मी भरले. एक मावशी अजून अधूनमधून टोमणा मारतात, मारू देत. आता दगडफूल आणलं की आधी वास घेतो, कडकडीत वाळवतो, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फळीवर ठेवतो. मसाल्यापुरतंच आणतो.

ठिपक्यांचा तो तुकडा मात्र मी काडेपेटीत जपून ठेवलाय. तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक आहे. दिवाळीनंतर आम्ही चौघी जाणार आहोत, पोटभाडेकरू आहे का घरमालकच, ते बघायला.