माहेरच्या तुळईची भेट
(चाकूर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



लग्नकार्यातील देण्याघेण्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय मोठा आहे. मी मात्र त्यातील एका लहानशा गोष्टीपुरते, म्हणजे जुन्या लाकडापुरतेच बोलणार आहे.

आपल्या भागातील जुनी घरे माळवदाची. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर दांड्या व फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली व त्या मातीच्या भाराखाली गेली. तेव्हापासून लोकांनी माळवदाचा धसका घेतला, आणि तो रास्तच आहे. परंतु त्यात अपराध लाकडाचा नव्हता. काही ठिकाणी भिंती ढासळल्या, तरी खांबतुळयांचा सांगाडा उभा राहिलेला लोकांनी पाहिला.

आज वाडे उतरतात व सिमेंटची घरे उठतात. याबद्दल मी अश्रू ढाळणार नाही. पावसाळ्यात गळके माळवद ज्याने सांभाळले आहे, त्याला त्याची गोडी विचारू नये. मात्र वाडा उतरला की नक्षीची चौकट व्यापारी घेऊन जातो आणि उरलेले लाकूड पाणी तापविण्याच्या बंबाखाली जाते. ज्या तुळईला आपल्या लेकीबाळींचे पाळणे टांगले, तिची राख दुसऱ्या दिवशी भांडी घासण्यास येते.

माझे म्हणणे एवढेच, की वाडा उतरविताना हातभर लाकूड बाजूला ठेवावे आणि घरातून सासरी गेलेल्या प्रत्येक मुलीसाठी त्याची एक वस्तू घरीच करावी. पोळपाट, पाट, लहान देव्हारा, चौरंग. नातवंड झाले असेल तर पांगुळगाडा. रुखवतात हल्ली बाजारातून आणलेली प्लॅस्टिकची फुले मांडतात. त्या शेजारी आजोबांच्या ओसरीवरील सागवानाचा पाट मांडला, तर त्याचे मोल पाहुण्यांना न सांगताही कळेल.

हे काम कठीण नाही. पन्नास-साठ वर्षे छपराखाली वाळलेले लाकूड नव्या ओल्या लाकडासारखे सहसा वाकत नाही. सागवान रंध्याला सोपे जाते. बाभूळ चिवट व कठीण. तिच्यावर पटाशीची धार लवकर जाते, पण लाटणे बाभळीचेच असावे. प्रथम लोहचुंबक फिरवून खिळे शोधावेत, कारण आत राहिलेला एक खिळा करवतीचे दात पाडतो. वाळवीने पोखरलेला भाग निष्ठुरपणे कापून टाकावा. मग रंधा, पॉलिश कागद आणि शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवाव्यात.

वाड्यावाचूनही लाकूड मिळते. ट्रॅक्टर आल्यापासून कित्येकांच्या परसात तिफण पडून आहे. तिचे चाडे, ज्यातून आपल्या आयांनी मूठमूठ ज्वारी पेरली, ते घासूनपुसून लेखणीदान म्हणून मुलाच्या टेबलावर ठेवा. गाडीच्या मोडक्या चाकाच्या आऱ्यांतून सुरेख खुंट्या होतात.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. जुन्या तेलरंगात पुष्कळदा शिसे असे. घरगुती रंगातील शिशावर दहा लाखांत 90 भाग ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. म्हणून रंगविलेल्या दाराखिडक्यांचे लाकूड खेळण्यांना अगर स्वयंपाकाच्या वस्तूंना वापरू नये आणि तो रंग घरात खरवडू नये. वाळवीचे औषध पाजलेले लाकूडही त्यासाठी वर्ज्य समजावे.

आता थोडे अप्रिय बोलतो. वयाचा मान म्हणून ऐकून घ्यावे. वाडा उतरला की वाटणी येते. बहिणींना बोलावणे जाते, हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या होतात आणि साडीचोळी देऊन त्यांची बोळवण होते. 2005 च्या कायदेदुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला आहे. तुळईच्या पोळपाटाने तो हक्क फिटत नाही. माझी ही सूचना कोणी त्या कामी वापरू लागला, तर मी ती या व्यासपीठावरून परत घेईन. हक्काचे बोलणे कागदावर, सर्वांसमक्ष व्हावे. भेट ही त्याहून निराळी वस्तू आहे. बहिणीने सही केली वा न केली, पोळपाट तिला मिळालाच पाहिजे.

मुलांनाही या कामात घ्यावे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत महात्माजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. आम्ही शिक्षकांनी तो बहुतेक सूतकताईच्या तासापुरताच ठेवला. गुणाकारात अडणारा मुलगा चौरंगाचे चार पाय समान कापताना मोजमाप बिनचूक शिकतो, हे मी पाहिले आहे.

वस्तू पूर्ण झाल्यावर तिच्या खालच्या अंगाला गावाचे नाव, वाडा कोणाचा आणि तो कोणत्या साली उतरविला, हे कोरावे. मजकूर आधी पेन्सिलीने लिहून घ्यावा. लाकडावर खोडरबर चालत नाही.

ज्यांच्याकडे यंदा वाडा उतरविण्याचे योजले असेल, त्यांनी कामाला प्रारंभ होण्यापूर्वी मला निरोप द्यावा. पटाशी व रंधा माझ्याजवळ आहे. करवत मात्र आपल्या सुतारकाकांकडून मागून आणावी लागेल.