प्रसूतिरजेचा खर्च कोणी सोसावा?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्याने योजिली जातात, ते आम्हांस नागरिकशास्त्र शिकवीत. एखादा हक्क वाचून झाला की ते विचारीत, "आता हा हक्क कोणाच्या खिशातून पुरा होणार?" वर्ग हसे. पुढे पीथमपूरच्या एका कारखान्यात कर्मचारी-अधिकारी म्हणून काम करू लागलो, तेव्हा त्या प्रश्नाचे हसू येईनासे झाले.

१ एप्रिल २०१७ पासून प्रसूतिरजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे हिशेबनिसाची एक जागा रिकामी होती. दोन अर्ज उरले. पैकी गुणांनी सरस असलेल्या मुलीचे नुकतेच लग्न झाले होते. मालकांनी माझ्याकडून टिपण मागविले. सव्वीस आठवड्यांचे वेतन, बदली माणसाचा पगार, असा हिशेब मी मांडून दिला. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. नेमणूक मुलाची झाली. त्या मुलीच्या अर्जावर याच शाळेचे नाव होते, हे मी आजवर कोणास सांगितले नव्हते.

तिचे वेतन दोन-तीन हजारांनी कमी असते, तर ते टिपण लिहिताच आले नसते. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ सालचा. त्यात मालक व कामगार दोघेही वर्गणी भरतात. जुलै २०१९ पासून मालकाची सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का. प्रसूतीचा लाभ त्या निधीतून मिळतो. स्त्री नेमली काय नि पुरुष नेमला काय, मालकाची वर्गणी तितकीच. पण २०१७ च्या जानेवारीत या योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये ठरली, आणि हिशेबनिसाचा पगार तिच्या पलीकडचा होता. अशा स्त्रीस १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा लागू असे, व त्याखाली सारी रक्कम एकट्या मालकाने द्यावयाची असे. (शेतात वा वीटभट्टीवर राबणारीच्या वाट्याला बहुधा यांपैकी काहीच येत नाही, तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.)

हा पेच नवा नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मान्य केले होते की हा भार मुख्यत्वे सरकारने उचलावयास हवा. तथापि स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकासही त्यातून सर्वस्वी सुटता येणार नाही. १९२९ चा मुंबईचा कायदा झाला तो मालकावर भार टाकूनच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५२ च्या व पुढे २००० च्या करारात, असा खर्च एकट्या मालकावर पडू नये, असे तत्त्व घातले. कारण उघड आहे: तो पडला की मालक स्त्रीला नोकरीच देत नाही.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने २०२० पासून निराळी रीत चालविली आहे. तेथे वेतनावर हप्ता बसतो, तो नोकर व मालक वाटून भरतात, आणि रजेतील पैसा राज्याच्या निधीतून मिळतो. तो केवळ प्रसूतेस नव्हे. बापास, आजारी नोकरास, आईवडिलांची शुश्रूषा करणाऱ्यासही मिळतो. पन्नासांहून कमी नोकर असलेल्या मालकास स्वतःचा हिस्सा माफ आहे. मात्र नोकरांचा हिस्सा भरणे, दर तिमाहीस वेतनाचा अहवाल धाडणे, हक्कांची सूचना दर्शनी लावणे, अशा कारणाने सात दिवसांहून अधिक गैरहजर राहिलेल्यास त्याचे हक्क लेखी कळविणे, ही कामे त्यासही चुकत नाहीत. काम वाढते खरे. पण कोणा एका बाईच्या बाळंतपणाचे बिल कोणा एका दुकानदाराच्या नावावर फाटत नाही.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली व हे जुने कायदे तीत विलीन झाले. रचना मात्र तीच राहिली: विमायोजनेत असलेलीस निधीतून, बाहेरच्या पगारदारणीस मालकाकडून.

कारखानदार मित्र मला म्हणतात, सव्वीस आठवडे कमी करा. मी म्हणतो, वर्गणी मागा. वेतनमर्यादेबाहेरच्यांसाठीही निधी काढा आणि पुरुष नोकरांवरही ती बसवा. पुरुष कुरकुरतील, हे मला ठाऊक आहे. आज सभागृहात बरेच कारखानदार दिसत आहेत. त्यांनी आता आपले हिशेब येथे मांडावेत, मी ऐकावयास बसतो.