टेम्पोचा नवा पेहराव

वर्षानुवर्षे भाजीपाला नि सिमेंट वाहून ज्याची रया गेली आहे, अशा टेम्पोवर विनाइलचे आवरण चढवावे की नाही, हा प्रश्न सौंदर्याचा भासला तरी वस्तुतः तो पत्र्याचा आहे. कारण हे आवरण खालच्या रंगाइतकेच घट्ट बसते, आणि गंजाला ते बरे न करता केवळ दृष्टीआड करते. पोपडे धरलेल्या रंगावरून ते काढू गेल्यास रंगही सोबत निघतो. तेव्हा आधी गंज घासून, प्रायमर मारून घ्यावा. तेवढा खर्च गाडीच्या उर्वरित आयुष्याला पेलणारा नसेल, तर साधा रंगच बरा. हौद्याच्या आत, जेथे मालाची घासाघीस नित्याची, तेथे विनाइल व्यर्थच. मूळ रंग बदलणार असाल, तर परिवहन कार्यालयाच्या दफ्तरी तशी नोंद अवश्य करवून घ्यावी.