पोलादपूरच्या रेंजला झेपेल असा ब्राउझर



२०२१ च्या जुलैत शेजारच्या महाडमध्ये पुराचे पाणी घराघरांत शिरले आणि कपाटांतली कागदपत्रे चिखलात गेली. ऑनलाइन सातबाऱ्याचे मोल आपल्या भागात तेव्हापासून कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. सातबारा, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलांचे निकाल, हे सारे ज्या अ‍ॅपमध्ये उघडते तो ब्राउझर. तो मात्र आपण क्वचितच निवडतो. मुंबईच्या मुलाने गणपतीला येताना फोन आणला, त्यात जो होता तोच वर्षानुवर्षे चालतो. बहुधा तो गूगलचा क्रोम असतो. क्रोम वाईट नाही, सरकारी अर्ज त्यात सहसा अडत नाहीत. पण पोलादपूरकराने आधी रेंजचा विचार करावा, असे मला ठामपणे वाटते.

हायवेलगत नेट बऱ्यापैकी चालते. आंबेनळी घाटाकडे किंवा कुडपणच्या बाजूला वळलात की डोंगर आडवे येतात. अशा रेंजमध्ये बातमीचे एखादे पान उघडून पाहा. बातमी चार परिच्छेदांची. तिच्यासोबत जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि आपण काय पाहतो याची नोंद ठेवणारे छुपे प्रोग्रामही उतरू लागतात. पैसे भरून घेतलेला डेटा त्यांच्यावर जातो आणि बातमी तशीच अडकून राहते. म्हणून मी फायरफॉक्स सुचवतो. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे एक्स्टेन्शन फुकट बसवता येते. ते बहुतेक जाहिराती फोनपर्यंत येऊच देत नाही. फोनवरच्या क्रोममध्ये ही सोय नाही, आणि जिचे उत्पन्न जाहिरातींवर चालते त्या कंपनीकडून ती मिळेल अशी आशाही मी धरत नाही. फायरफॉक्सची बटणे, सेटिंग्ज मराठीत करून घेता येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ती जरूर करून द्या.

रेंज अगदीच नावाला असेल तर ऑपेरा मिनी आहे. त्यात पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर आवळले जाते, मग आपल्याकडे येते. बातमी वाचायला हे उत्तम. पण त्याच्या सर्वाधिक बचतीच्या पद्धतीत आपली माहितीही त्या सर्व्हरवरून जाते. म्हणून बँकेचे काम तिथे करू नका.

फायरफॉक्स सुचवण्याचे आणखी एक कारण आहे. मायक्रोसॉफ्टचा एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि केंद्र सरकारच्या ब्राउझर स्पर्धेत एक कोटीचे पहिले बक्षीस मिळवणाऱ्या झोहोचा उला, हे सगळे गूगलच्या क्रोमियम या पायावर उभे आहेत. फायरफॉक्सचा पाया स्वतःचा. एकाच ब्राउझरचे राज्य असले की काय होते, ते आपण इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात पाहिले आहे. कितीतरी सरकारी साइट फक्त त्यातच धड चालत. १५ जून २०२२ ला तो बंद झाला आणि त्याच्या भरवशावर बांधलेल्या अनेक साइट बदलणे भाग पडले.

आता ज्यांचे काम सेवा केंद्रातल्या किंवा सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर होते, त्यांच्यासाठी. तिथे ब्राउझर आपण निवडत नाही, वापरायची रीत मात्र आपल्या हाती असते. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणे एकत्र दाबा. फायरफॉक्स असेल तर एनऐवजी पी. खासगी विंडो उघडेल. काम त्यातच करा. ‘पासवर्ड सेव्ह करू का’ असे विचारले तर नाही म्हणा. काम संपले की लॉगआउट करून ती विंडो बंद करा. उघडलेल्या साइटची यादी त्याबरोबर पुसली जाते, पण डाउनलोड केलेली फाइल जात नाही. तुमचा सातबारा, आधारची प्रत, बँकेचे पासबुक त्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये तसेच पडून राहते. प्रिंट हातात आली की ती फाइल तुमच्यासमोर डिलीट करायला सांगा, आणि रीसायकल बिनमधूनही काढायला लावा.