आग विझवायची आपण, गुन्हाही आपल्याच नावावर?

(लासूर स्टेशन इथल्या बैठकीत संघटनेच्या वतीनं झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्या वस्तीवर वाचणारं मोठं माणूस नाही तिथं शाळेतल्या पोरानं मोठ्यानं वाचून दाखवावा.)



दोघातिघांनी विचारलं, जंगल राहिलं तिकडं, वणव्याची बैठक स्टेशनावर कशाला? कारण साधं आहे. कन्नडच्या डोंगरातून, खुलताबादकडून, वैजापुरातून आणि इथल्या गंगापूरच्या वस्त्यांवरून येणाऱ्याला हे ठिकाण मधोमध पडतं. ऊसतोडीवरून आलेली काही कुटुंबं तर अजून बोचक्यांसकट बसली आहेत. त्यांनी आधी चहा घ्यावा, बोलणं चालूच राहील.

ऊसतोडीचं नाव निघालं म्हणून तिथूनच सुरू करू. वन खात्याच्या हिशेबानं वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. आणि आपल्या वस्त्या कधी ओस असतात? दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, ती माणसं मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे गवत वाळून कोळ झालेलं असतं, वारा सुटलेला असतो, त्या दिवसांत वस्तीवर कोण? म्हातारी माणसं, शाळेची पोरं, दोन-चार बाळंतिणी. कोयता धरणारे सगळे हात उसाच्या फडात. अशा वेळी डोंगर पेटला तर "गावकऱ्यांनी सहकार्य केलं नाही" असं लिहायला कागद तयारच असतो. सहकार्य करणाराच जिल्ह्याबाहेर आहे हे त्या कागदात कुठं येत नाही.

आपल्याकडची आग कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. पण साहेबाला, पत्रकाराला सांगावं लागतं, म्हणून शब्दात धरून ठेवू. आपला डोंगर पानगळीचा. सालई, धावडा, अंजन, पळस, खैर. माघ सरला की खाली पानांचा थर आणि मधल्या उघड्या जागी कुसळी गवत. आग जमिनीवरून चालते, झाडाच्या शेंड्यावरून नाही. चढाला ती पळते, उताराला रांगते. म्हणून जाणता माणूस कधी आगीच्या वर, तोंडासमोर उभा राहत नाही. मागून धरतो, बाजूनं दाबत नेतो. तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ ला फिरायला गेलेली माणसं गवताच्या चढावर आगीत सापडली, वीसच्या वर जीव गेले. तेव्हा नव्या पोरांनी हौसेनं वर पळू नये. दुपारच्या वाऱ्यात आगीशी कुस्ती खेळू नये. पहाटे वारा पडतो, गवत जरा मऊ होतं, तेव्हा करंजाच्या नाहीतर निरगुडीच्या हिरव्या डहाळ्या आणि ओलं बारदान घेऊन दहा माणसं जे करतात ते दुपारी पन्नासांना होत नाही. खात्याकडं आता वारा फेकणारी यंत्रं आली आहेत, चांगली आहेत. पण ती डोंगरावर पोचेपर्यंत डहाळीच कामाला येते.

आता जरा कडू बोलू. वणवा आकाशातून पडत नाही. आपल्याकडं तो बहुतेक वेळा माणसाच्या हातूनच लागतो. कुणाच्या? बांधाला लागून वावर असलेला शेतकरी मृगाआधी धुरे पेटवतो आणि घरी जेवायला जातो. रस्त्यावरून जाणारा पर्यटक विडी-सिगारेट टाकतो. तेंदूच्या ठेकेदाराचा माणूस कोवळा पाला फुटावा म्हणून काडी लावतो. हे सगळं खरं. पण मोहाखाली फुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून, ससा उठावा म्हणून, पोळ्याला धूर द्यावा म्हणून काडी लावणारेही आहेत, आणि ते काही परदेशातून येत नाहीत. गवत जाळलं की चांगलं फुटतं म्हणतात. चार दिवस हिरवं दिसतं हे खरं. पण पाऊस पडला की उघडी माती वाहून जाते, आणि रोपं जळाल्यावर धावड्याचा डिंक, चारोळी, सीताफळ पुढच्या पिढीला कुठून मिळणार?

यावर तोडगा आपल्याच राज्यात निघालेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेनं बसून ठरवलं की तेंदूपत्ता विकायचा नाही, कारण त्याच्यापायी झाडं छाटली जातात आणि जंगलाला आग लावली जाते. हातात येणारा पैसा सोडला. बांबूवर भर दिला. कुणी दंडुका घेऊन सांगितलं नव्हतं. हक्क आपला आहे म्हटल्यावर राखण आपोआप आली. खात्याला आपण हेच तर सांगतोय, की आधी हक्क द्या, मग राखण बघा. उलटं करून चालत नाही.

आणखी एक गोष्ट. खातं स्वतः हिवाळ्यात जाळरेषा काढतं, म्हणजे पट्टा जाळून ठेवतं, की पुढं आग आली तर तिला खायला काही राहू नये. हेच काम आपली म्हातारी माणसं थंडीत, दव असताना, थोडं थोडं करायची. साहेबानं केलं तर योजना, भिल्लानं केलं तर गुन्हा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला मूळ रहिवाशांची अशी लवकर जाळण्याची रीत सरकारनं मान्य केली आहे, त्यांना त्याचे पैसेही मिळतात. इथं मात्र कुणी आपल्या मनानं काडी लावायची नाही. अभयारण्यात तर नाहीच. जाळरेषा कुठून काढायची, कधी काढायची, हे ग्रामसभेचा ठराव करून, खात्याला लेखी देऊन, त्यांच्या माणसासमक्ष.

अभयारण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली झालं. औट्रम कोण? खानदेशात भिल्लांना वठणीवर आणायला भिल्लांचीच पलटण उभी करणारा कंपनी सरकारचा अधिकारी. त्याचं नाव अजून घाटाला आहे, आणि ज्यांचा डोंगर त्यांचं नाव सातबाऱ्यावर यायला शंभर चकरा.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम ७९ सांगतं की जंगलात ज्याचा हक्क चालतो, किंवा जो परवानगीनं काही आणतो, त्यानं आग दिसली की कुणी बोलावण्याची वाट न बघता विझवायला लागलं पाहिजे. अभयारण्यात राहणाऱ्यावरही वन्यजीव कायद्याच्या कलम २७ नं हीच जबाबदारी टाकलेली आहे. म्हणजे विझवणं आपलं कर्तव्य. आता दुसरी बाजू. त्याच १९२७ च्या कायद्याचं कलम २६ म्हणतं की राखीव जंगलात कुणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं आग लावली, तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क हवे तितके दिवस बंद ठेवू शकतं. काडी लावली एकानं, चूल बंद सगळ्या वस्तीची. इंग्रजानं लिहिलेलं कलम आहे आणि अजून जिवंत आहे. मागच्या बैठकीत एक आजी म्हणाल्या, "आग लागली की बोलवायला येतेत, विझली की नाव लिहायला येतेत." एवढ्या कायद्यांचा अर्थ त्यांनी एका वाक्यात सांगितला.

आता मुख्य विषय. आग वस्तीला भिडली आणि माणसं हलवायची वेळ आली तर काय करायचं?

हलवणं वेगळं आणि उठवणं वेगळं. जीव वाचवायला हलायचं, त्यात मानापमान नाही. कारखान्यावरून आणलेल्या पाचटाच्या खोप्या, कुडाच्या भिंती, एक ठिणगी पुरे. "प्लॉट जाईल" या भीतीनं कुणी आत बसून राहायचं नाही. पण हललेलं माणूस परत येतं की नाही, हा प्रश्न आपल्या लोकांना पडतो, आणि तो उगाच पडत नाही.

दोन ठिकाणची हकिकत सांगतो. कॅनडात फोर्ट मॅकमरी हे तेलाच्या धंद्याचं शहर. मे २०१६ मध्ये त्याला जंगलाची आग भिडली. तिथली आग शेंड्यावरून पळणारी. ८८ हजारांच्या आसपास माणसं गाव सोडून निघाली, बाहेर जायला मोठा रस्ता एकच. घरं हजारोंनी गेली, पण आगीत माणूस मेलं नाही. जे उत्तरेकडं निघाले त्यांच्यातल्या हजारोंना कुणी ठेवून घेतलं? फोर्ट मॅके नावाच्या लहानशा आदिवासी वस्तीनं. आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट पाहुणे त्यांनी जेवू घातले. आणि महिन्याभरात शहरातली माणसं टप्प्याटप्प्यानं आपापल्या जागेवर परतू लागली. जागा कुणाची यावर वाद झाला नाही, कारण कागद पक्के होते.

दुसरी हकिकत हवाई बेटांमधल्या लाहायना गावाची, ८ ऑगस्ट २०२३ ची. तिथं पूर्वी उसाचे मोठे मळे होते. मळेवाल्यांनी ओढ्यांचं पाणी वळवलं. पुढं मळे बंद पडले, जमिनी पडीक राहिल्या आणि त्यावर बाहेरून आणलेलं गवत माजलं. त्या गवतात आग शिरली, वाऱ्यानं ती गावात आणली. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. माणसांनी समुद्रात उड्या टाकल्या. शंभरच्या आसपास जीव गेले. वाचलेल्यांना महिनोन्‌महिने हॉटेलात ठेवलं. राख थंड व्हायच्या आत जमीन विकत घेणाऱ्यांचे फोन सुरू झाले. तिथल्या मूळ लोकांनी गावोगाव मदतीची ठाणी स्वतः उभी केली, आणि त्याच ठाण्यांवर एक मागणीही लावली, की लाहायना विकायला काढलेलं नाही. ऊस, पाणी, पडीक जमीन, दलाल. यातलं आपल्याला नवीन काय आहे?

इथलं उदाहरण मेळघाटचं. तिथं आगीनं नाही, वाघासाठी म्हणून गावं उठवली. २००१ पासून बोरी, कोहा, कुंड यांच्यापासून सुरुवात झाली. पुढं कुटुंबामागं १० लाखांची योजना आली. आणि जानेवारी २०१९ मध्ये अकोटच्या बाजूला बसवलेली माणसं, सांगितलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणून, परत जंगलातल्या जुन्या जागेवर चालत गेली. तिथं झटापट झाली, दोन्हीकडची डोकी फुटली. पैसा मिळाला, गाव मिळालं नाही, हे त्यांचं म्हणणं.

म्हणून पक्कं लक्षात ठेवा. आपत्ती आली की जिल्हाधिकाऱ्याला माणसं हलवण्याचा अधिकार आहे, २००५ च्या आपत्ती कायद्यानं. त्या अधिकारात जमीन काढून घेण्याचा अधिकार येत नाही. वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं की दाव्याची पडताळणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून उठवता येत नाही. अभयारण्यातून कायमचं हलवायचं असेल तर ग्रामसभेची लेखी, समजून-उमजून दिलेली संमती लागते आणि नव्या जागेची सोय आधी पूर्ण लागते. पेसा आपल्या तालुक्यांना लागू नाही, म्हणून तुमचा काही हक्क नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वनहक्क कायदा आपल्यालाही लागू आहे.

आग सगळ्यात आधी पुरावा खाते. दाव्याची पोच, रेशनकार्ड, जुनी दंडाची पावती, सगळं खोपीच्या आढ्याला पिशवीत टांगलेलं असतं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण कसतो हे दाखवणारा कागद जळाला, की उद्या "तुम्ही नवीन अतिक्रमणवाले" म्हणायला मोकळे. तेव्हा होळीच्या आत प्रत्येक घरानं कागदांच्या झेरॉक्स काढून एक प्रत दुसऱ्या गावच्या नातलगाकडं ठेवायची. आणि सगळंच जळालं तरी घाबरायचं नाही. नियम १३ मध्ये पुरावा म्हणजे नुसता कागद नाही. दगडाचे बांध, विहीर, मसणवटा, देवाची जागा, जुनी झाडं, आणि दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, हेही पुरावेच. दगड आणि विहीर जळत नाही. म्हातारी माणसं मात्र राहत नाहीत, म्हणून त्यांचे जबाब यंदाच लिहून घ्या.

हलायची वेळ आली तर दावणीची जनावरं आधी सोडा. बांधलेलं जनावर जागेवर जळतं, सोडलेलं बहुतेक वाट काढतं. कोण म्हातारं, कोण आजारी, कुणाला कोण उचलणार हे आधीच ठरलेलं पाहिजे, धुरात ठरत नाही. निघण्याआधी एकानं मोबाईलवर घराचे, वावराचे फोटो घ्यावेत. बाहेर नेऊन बसवलं की कुणी कागद पुढं करेल. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. वाचून न दाखवलेल्या कागदावरही नाही. परत आल्यावर तलाठ्याकडून पंचनामा मागायचा. आग ही सरकारी मदतीच्या आपत्तींत आहे, घर जळालं तर मागणं आपला हक्क आहे. पंचनाम्यावर वस्तीतल्या दोघांच्या सह्या, आणि एक प्रत आपल्याजवळ.

राहिली वही. प्रत्येक वस्तीनं वणव्याची एक वही ठेवायची. आग कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या बाजूनं दिसली, कंपार्टमेंट नंबर माहीत असेल तर तो, गार्डला फोन कधी केला, विझवायला कोण कोण गेलं, कधी विझली. उपग्रहावरून आग दिसल्याचा निरोप डेहराडूनच्या वन सर्वेक्षण संस्थेकडून खात्याला येतो, आणि नाव नोंदवलं तर तो कुणालाही मोबाईलवर येऊ शकतो. आपल्या शिकलेल्या पोरांनी नावं नोंदवावीत. वहीतली वेळ आणि उपग्रहाची वेळ जुळली, की त्या दिवशी फडात ऊस तोडणाऱ्या माणसाचं नाव आरोपी म्हणून लिहिणं अवघड जाईल. वही ग्रामसभेत वाचून ठरावावर घ्यायची. सामूहिक दाव्याला तीच जोडता येते, कारण कलम ५ नं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे आणि आपण राखतोय हे तिच्यात दिसतं.

खात्याकडं मागणी अशी ठेवतो आहोत की हंगामी आग-राखणदार वस्तीतलाच घ्यावा, मजुरी वेळेवर खात्यात जमा व्हावी, आणि जाळरेषेचं काम रोजगार हमीतून निघावं. ते निघालं तर दोन-चार घरं तरी उचल न घेता गावात राहतील. निवेदन तयार आहे, बाहेरच्या टेबलावर ठेवलं आहे, वाचून मगच सही करा.

आतापर्यंत वह्या आल्या त्या कन्नडच्या बाजूच्या. खुलताबादकडच्या वस्त्यांची एकही आलेली नाही. त्यांनी आज कोरी वही इथूनच घेऊन जावी, पैसे नंतर दिले तरी चालतील.