प्रतिज्ञा आहे, आता बैठकीचा पत्ता शोधू या

(विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दारूचा विषय निघाला की आपल्या वस्तीत दोनच सूर लागतात. एक म्हणतो, ‘बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तरी पितो म्हणजे समाजाचा गद्दार.’ दुसरा म्हणतो, ‘बाहेर बोलू नका, आधीच लोक आपल्याला बेवडे म्हणतात.’ पहिल्या सुरातून माणसाच्या वाट्याला लाज येते, दुसऱ्यातून घरच्यांच्या वाट्याला गप्प बसणं. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता जाऊन बसायला जागा मात्र कुणीच देत नाही. आज मी त्या जागेबद्दल बोलणार आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातलं पाचवं शीलही तेच सांगतं. या प्रतिज्ञेने कितीतरी घरं वाचवली. पण ज्याचं शरीर दारूवर अवलंबून झालंय, त्याला प्रतिज्ञेच्या जोडीला उपचार आणि सोबत लागते. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात ५ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळतात. उरलेल्या सदतीस जणांत आपली माणसं किती असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. गटारात उतरणारा माणूस आधी पितो, कारण शुद्धीत तो वास सोसत नाही. ते काम त्याच्या वाट्याला कुणी दिलं, हे या सभागृहात सांगायला नको.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालं. दारू सुटलेली आणि सोडू पाहणारी माणसं एकत्र बसतात, आपापला अनुभव सांगतात, एवढंच त्याचं काम. फी नाही. सभासद होण्याची अट एकच : दारू सोडण्याची इच्छा. ओळख फक्त नावाने. आडनाव सांगायचं नाही.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी या शेवटच्या नियमापाशी थांबते. आपल्या देशात ‘पूर्ण नाव काय?’ हा साधा प्रश्न नसतो. माझे मामा कंत्राटी सफाई कामगार. त्यांच्यासाठी मी पत्ता शोधला तेव्हा त्यांनी वेळ विचारली नाही, अंतरही नाही. विचारलं, “तिथं कोण कोण असतंय गं?” मी म्हटलं, “मामा, तिथं आडनाव विचारत नाहीत.” ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “मग बघू जाऊन.” चार महिने गेले, पुन्हा प्याले, पुन्हा गेले. आजही जातात.

याचा अर्थ त्या खोलीत जात शिरत नाही असं नाही. बोली, कपडे, कामाचं ठिकाण यावरून लोक ओळखतातच. म्हणून एका बैठकीत अवघडल्यासारखं झालं तर दुसरी बघायची. देवाच्या उल्लेखानेही काहीजण बिचकतात. एएच्या पायऱ्यांत देव आहे, पण ‘ज्याला जसा समजेल तसा’ अशी मोकळीक आहे. निरीश्वरवादी माणूस समोर बसलेल्या गटालाच आपलं बळ मानू शकतो. संघाला शरण जाणाऱ्या आपल्याला हे परकं वाटू नये.

आता आपलं काम. घरात इंग्रजी वाचणारे, अनोळखी माणसाला फोन करणारे बहुधा आपणच पहिले. तेव्हा पत्ता आपण शोधायचा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे १४४४६. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. एएच्या संकेतस्थळावर शहरवार माहिती मिळते. फोनवर चार गोष्टी विचारा : वार आणि वेळ, भाषा, जवळचा बसथांबा आणि बैठक खुली की बंद. खुल्या बैठकीला आपणही सोबत जाऊ शकतो. बंद बैठक फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. पत्ता चर्चचा किंवा शाळेचा निघाला तर दचकू नका, खोली तेवढी भाड्याची असते. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट आहे. आईला, मावशीला तिथला पत्ता द्या.

एक सावधगिरी पाळाच. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर थरथर, फिट, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग बैठक. एए औषधोपचार करत नाही.

आणि जवळपास बैठकच नसेल तर? दारू सोडू पाहणारे दोन-तीन जण एकत्र बसले तरी एए त्याला गट मानतं. त्यांना हवी असते आठवड्यातून एक तास एक खोली. आपली विहारं बहुतेक संध्याकाळी रिकामी असतात. विहार समितीने खोली नाममात्र भाड्याने द्यावी आणि गटाच्या कारभारात लक्ष घालू नये. एए कुठल्याही संस्थेशी, धर्माशी जोडून घेत नाही, तो नियम आपणही पाळू. दारात वही ठेवून नावं लिहून घ्यायची नाहीत. कोण आलं, कोण नाही, याची चर्चा चौकात करायची नाही.

जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण चोख ठेवतो. आपल्या वस्तीपासून सर्वांत जवळची बैठक कुठे, कोणत्या वारी, हेही आपल्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ असलं पाहिजे. कुणी रात्री अकराला दार वाजवून विचारलं तर उत्तर तयार हवं.

जय भीम.